रुळांवरची बैलगाडी

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला होता. माझ्या टेबलावरची खेळण्यातली रेल्वे (खेळण्यातली म्हटलेलं मला आवडत नाही, पण घरात तेच म्हणतात) त्याने तासभर फिरवली आणि मग विचारलं, "मामा, हे इंजिन जास्तीत जास्त किती डबे ओढेल?" इंजिनाच्या खोक्यावर व्होल्टेज होतं, किती अरुंद वळणावर चालेल ते होतं, बनवणाऱ्याचं नाव तर होतंच. पण इंजिनाबद्दल माणसाला पहिल्यांदा जे विचारावंसं वाटतं, तेवढंच नेमकं नव्हतं.

मग आम्ही मोजायला बसलो. मीटरभर लांबीची सरळ फळी घेतली, तिच्यावर रूळ ठोकले आणि एका टोकाखाली पातळ पुस्तकं सरकवत गेलो. टोक दोन सेंटिमीटर उचललं गेलं, तेव्हा बोटाने हलकेच ढकललेली वाघिण ना वेग घेत, ना थांबत, एकसारखी खाली गेली. याचा अर्थ उतार तिला जेवढं खेचत होता, नेमकी तेवढीच तिची चाकं तिला अडवत होती. शंभरात दोन. वाघिणीचं वजन ११० ग्रॅम, म्हणजे तिला सपाटीवर चालती ठेवायला २.२ ग्रॅमची ओढ पुरे. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. चाक, आस आणि रूळ यांनी मिळून केलेली ही अडवणूक.

इंजिनाची ओढ मोजायला टेबलाच्या कडेला कप्पी लावली, तिच्यावरून दोरा घेतला आणि दोऱ्याला कागदी कप टांगून त्यात चमच्याचमच्याने तांदूळ टाकले. पंचाहत्तर ग्रॅमला इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. इंजिन ३५० ग्रॅमचं. पंचाहत्तर भागिले २.२, म्हणजे चौतीस वाघिणी. भाचा खूश झाला. आमच्याकडे वाघिणी नऊच होत्या, हा भाग वेगळा.

पुस्तकं सरकवण्याची ही युक्ती माझी नाही. १८३४ साली गियोनो द पांबूर नावाच्या फ्रेंच माणसाने इंग्लंडात लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेवर हेच केलं होतं. त्याला पुस्तकं लागली नाहीत, कारण त्या मार्गावर सटन आणि व्हिस्टन असे दोन उतार आयतेच होते, ८९ला १ आणि ९६ला १. तो डबे उतारावर सोडायचा, ते खालच्या सपाटीवर कुठे जाऊन थांबतात ते बघायचा आणि अंतर मोजायचा. हिशोब सोपा आहे. दहा फूट उंचीवरून सुटलेला डबा एकूण २८०० फूट जाऊन थांबला, तर त्याची अडवणूक वजनाच्या २८०व्या भागाइतकी, म्हणजे २२४० पौंडांच्या इंग्रजी टनामागे ८ पौंड. पांबूरच्या प्रयोगांतून साधारण हाच आकडा आला होता.

टनामागे आठ पौंड. एवढासा आकडा, पण त्यामागे तीस वर्षांची भीती आणि वादावादी होती. पुढे त्याच आकड्याने आपल्या सह्याद्रीतली डोंगराची कूस पोखरायला लावली. म्हणून त्याची गोष्ट सांगावीशी वाटते.

सुरुवातीची भीती अडवणुकीची नव्हतीच, उलटी होती. लोखंडी रुळावर लोखंडी चाक घसरून जागच्या जागीच फिरत राहिलं तर? रिचर्ड ट्रेव्हिथिकने २१ फेब्रुवारी १८०४ रोजी वेल्समध्ये पेनीडॅरनच्या कारखान्याहून दहा टन लोखंड आणि वर चढून बसलेली सत्तरेक माणसं वाफेच्या इंजिनाने नऊ-दहा मैल ओढून दाखवली होती. गुळगुळीत चाकांनीच. तरीही आठ वर्षांनी लीड्सजवळ जॉन ब्लेंकिन्सॉपने रुळाच्या बाजूला दाते पाडले आणि इंजिनाला दातेरी चाक लावलं. विल्यम ब्रंटनने तर १८१३ साली इंजिनाला मागून ढकलणारे दोन पायच बसवले, अगदी घोड्यासारखे. (१८१५ साली त्याच्या इंजिनाचा बॉयलर फुटून अनेक माणसं मेली. पायांचा त्यात दोष नव्हता.)

ही माणसं अडाणी होती असं लोकप्रिय पुस्तकांतून सुचवलेलं असतं. मला ते पटत नाही. ट्रेव्हिथिकच्या इंजिनाखाली बिडाचे रूळ तुटत होते. रूळ वाचवायचे तर इंजिन हलकं हवं आणि इंजिन हलकं केलं तर पकड जाणार. माझं ३५० ग्रॅमचं इंजिन ७५ ग्रॅमला घसरलं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या जरा वर. वाफेचं खरं इंजिनही कोरड्या रुळावर चांगल्या दिवशी साधारण चौथ्या भागापर्यंत जातं. हलक्या इंजिनाकडून जड काम करून घ्यायचं, तर दाते लावणं हा शहाणपणाचाच उपाय होता.

प्रश्न सुटला तो वायलम नावाच्या खाणीवर, १८१२च्या ऑक्टोबरमध्ये. खाणीचा व्यवस्थापक विल्यम हेडली याने इंजिन बांधायच्या आधी एक गाडा बांधला. त्याला वाफ नाही, बॉयलर नाही. गाड्यावर माणसं उभी राहून दांडे फिरवायची आणि ते फिरणं दात्यांवाटे चाकांपर्यंत जायचं. हेडली गाड्यावर लोखंड चढवत गेला, मागे कोळशाच्या वाघिणी जोडत गेला आणि किती वजनाला किती वाघिणी ओढल्यावर चाक घसरतं ते बघत गेला. पकड पुरते, असं उत्तर आलं. त्यानंतर त्याने बांधलेलं 'पफिंग बिली' आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये उभं आहे. मला मात्र त्या इंजिनापेक्षा त्या बिनवाफेच्या गाड्याबद्दल जास्त आदर वाटतो. आमच्या तांदळाच्या कपाचा तो थेट पूर्वज.

आता उरला दुसरा प्रश्न, इंजिन ओढेल पण ओढायचं किती? किलिंगवर्थ खाणीवर जॉर्ज स्टीफन्सन आणि निकोलस वुड यांनी १८१८ साली डायनॅमोमीटर लावून ते मोजायला घेतलं. डायनॅमोमीटर म्हणजे ओढणारा आणि ओढलं जाणारं यांच्यामध्ये बसवलेला ताणकाटा. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे वेग वाढला म्हणून घर्षण वाढत नाही. खाणीवरच्या चार-सहा मैलांच्या वेगाला हे खरंच होतं. दुसरी म्हणजे रुळावरची अडवणूक अगदी क्षुल्लक असते आणि म्हणूनच थोडासाही चढ भयंकर ठरतो.

हे 'म्हणूनच' नीट बघायला हवं, कारण इथे आपली नेहमीची समजूत उलटते. टनामागे दहा पौंडांची अडवणूक धरा. शंभराला एक चढ आला की गुरुत्वाकर्षण टनामागे आणखी २२ पौंड मागतं. डोळ्यांना जेमतेम जाणवणारा हा चढ, पण दहाचे बत्तीस पौंड झाले. सपाटीवर तीस वाघिणी नेणाऱ्या इंजिनाला आता दहासुद्धा जड जाणार.

रस्त्यावर असं होत नाही. जॉन मॅकनील याने टेलफर्डच्या हॉलिहेड रस्त्यावर असाच ताणकाटा लावून गाड्या ओढून बघितल्या होत्या. एक-सव्वा टनाच्या आतल्या गाडीला मातीवर खडी टाकलेल्या रस्त्यावर ६५ पौंड ओढ लागली, मातीवर नुसती वाळू-गोटे पसरलेल्या रस्त्यावर १४७. एवढी अडवणूक मुळातच असली की शंभराला एकच्या चढाचे २२ पौंड घोड्याला किंवा बैलाला जाणवले तरी त्याचं कंबरडं मोडत नाही. वाट जितकी खडबडीत, तितका चढ सोसतो. वाट जितकी गुळगुळीत, तितका चढ छळतो.

म्हणून स्टीफन्सनने पुढचं आयुष्य सपाटीच्या मागे घालवलं. लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गासाठी ऑलिव्ह माउंटचा खडक जवळपास दोन मैल, काही ठिकाणी ८० फूट खोल कापला, चॅट मॉसची दलदल भरली, सँकीच्या दरीवर पूल घातला. हे सगळं टनामागच्या काही पौंडांसाठी. एवढं करूनही रेनहिलच्या दोन्ही बाजूंचे चढ राहिलेच, तेच पांबूरचे सटन आणि व्हिस्टन. तिथे आधी दोराने ओढणारी स्थिर इंजिनं बसवायचा विचार होता. ती लागली नाहीत. १८३१ साली 'सॅम्सन' आणि 'गोलायथ' नावाची दोन दणकट इंजिनं खास चढावर गाड्यांना हात द्यायला आणली गेली. कर्जतला गाडीच्या मागे लागणाऱ्या बँकर इंजिनांचे हे पणजोबा.

मोजण्याच्या या इतिहासातला सगळ्यात रंगतदार भाग इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेलच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेवर घडला. बॉक्स बोगद्यात जवळपास दोन मैल शंभराला एकचा उतार होता. डायोनिशियस लार्डनर या विद्वान प्राध्यापकांनी म्हणे पार्लमेंटच्या समितीपुढे सांगितलं की इथे ब्रेक निकामी झाले तर गाडी ताशी १२० मैल वेगाने बाहेर पडेल आणि माणसं गुदमरतील. ब्रुनेलने उठून दाखवलं की प्राध्यापक घर्षण आणि हवा दोन्ही विसरले आहेत, खरा वेग ५६. ही गोष्ट रेल्वेच्या प्रत्येक पुस्तकात असते. मी एका रात्री गणित करून बघितलं. दोन मैलांत शंभराला एक म्हणजे शंभर-एक फुटांची उंची. घर्षण शून्य, हवा शून्य धरली, तरी थांबलेली गाडी त्यातून ताशी पंचावन्न मैलांच्या आसपासच पोचते. आधीच तीस मैलांनी येत असली तरी साठ-बासष्ट. म्हणजे १२० हा आकडा नुसतं घर्षण विसरून निघत नाही, त्याला आणखी काहीतरी लागतं. गोष्ट सांगणाऱ्यांनीही हिशोबात थोडा उतार घातला असावा.

लार्डनरला हसून सोडून देणं मात्र अन्यायाचं होईल. त्यानंतरच्या वर्षांत ब्रिटिश असोसिएशनसाठी त्याने स्वतःच गाड्या उतारांवर सोडून प्रयोग केले आणि खूप वेगाला हवेचा विरोध चाकांच्या अडवणुकीवर मात करतो, ही स्टीफन्सनच्या चार-सहा मैलांत न दिसलेली गोष्ट पुढे आणली. वेगाशी न बदलणारा एक भाग, वेगासोबत वाढणारा दुसरा आणि वेगाच्या वर्गाने वाढणारा तिसरा, अशी तीन पदं जोडून डब्ल्यू. जे. डेव्हिस यांनी १९२६ साली जे सूत्र मांडलं, ते थोड्याफार फरकाने अजून जगभर वापरलं जातं.

त्याच ग्रेट वेस्टर्नवर चार्ल्स बॅबेज, हो, गणकयंत्रवाले बॅबेज, एक डबा आतून रिकामा करून त्यात लांबच लांब कागदाची गुंडाळी आणि शाईच्या लेखण्या बसवून हिंडत होते. एक लेखणी इंजिनाची ओढ काढायची, बाकीच्या डब्याचे हिसके. एका रविवारी, मार्ग रिकामा असणार म्हणून ते तीस टन लोखंड जोडून निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात लांबून इंजिनाचा आवाज आला आणि एकटंच इंजिन घेऊन धडधडत आले ते खुद्द ब्रुनेल. बॅबेजनी विचारलं, आपण समोरासमोर आलो असतो तर? ब्रुनेलचं उत्तर असं की मी वाफ पूर्ण सोडून तुमच्या इंजिनाला मागे उडवून लावलं असतं. त्या काळी रेल्वेवर मोजमापाची हौस होती, वेळापत्रकाची अजून नव्हती.

आता सह्याद्रीकडे. बोरघाटातून खाली-वर जाणारा गाडीरस्ता गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, १८३० साली झाला होता. बैलगाड्या पुण्याकडचा माल त्याच वाटेने कोकणात उतरवत होत्या. मग जीआयपी रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली याला त्याच डोंगरात पंचवीस बोगदे का लागावेत? उत्तर आपल्या हाती आधीच आहे. ३७ला १ हा घाटातला सगळ्यात तीव्र चढ टनामागे साठ पौंड मागतो. खडीच्या रस्त्यावरच्या बैलांची ६५ पौंडांची ओढ १२५ होते, म्हणजे दुप्पट. बैल दुप्पट ओढू शकतो, थोडा वेळ, आणि नाहीच जमलं तर पुढे आणखी एक जोडी जुंपता येते. रुळावरची आठ पौंडांची ओढ ६८ होते, म्हणजे साडेआठपट. वर इंजिनाला स्वतःचं ओझंही त्याच चढावरून न्यायचं. यापेक्षा उभा चढ घेतला तर बरोबर न्यायला काही उरतच नाही. म्हणून डोंगर वळसे घेत, पोखरत, आडवा चढायचा. १८३१ फुटांची चढण पावणेसोळा मैलांवर पसरायची.

सरासरी ४६ला १ एवढ्यावर ती कशीबशी बसली. मध्ये एके ठिकाणी कड्यावर वळायला जागाच नव्हती, तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी आत शिरायची, इंजिन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. १९२९ साली मार्ग बदलेपर्यंत हे चाललं.

चढ सौम्य ठेवायचा म्हणजे खडक जास्त फोडायचा आणि खडक माणसं फोडत होती. काम १८५६च्या सुरुवातीला सुरू झालं. १८५९च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीसाठी मजूर उठले, हाणामारी झाली आणि थोड्याच दिवसांत फॅव्हिएल या कंत्राटदाराने काम सोडलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येऊन काही आठवड्यांतच मेला. मग कंत्राट त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने, इंजिनिअर नेमून पुरं करवून घेतलं. १८६१ साली घाटात एका वेळी बेचाळीस हजारांवर माणसं कामाला होती. पटकी, ताप आणि सुरुंगांनी त्यातली हजारो गेली. २१ एप्रिल १८६३ला मार्ग खुला झाला तेव्हा बर्कलीही हयात नव्हता. ३७च्या जागी ३० किंवा ५० चालला असता तर बोगदे किती, पूल किती आणि माणसं किती, हे सगळं बदललं असतं. टनामागच्या पौंडांची कोष्टकं मी वाचतो तेव्हा त्यांच्या शेवटी मला ही बेरीज दिसते. कोष्टकात ती कुणी लिहिलेली नाही.

चढण्याइतकाच उतरण्याचा प्रश्न होता. अडवणूक कमी म्हणजे गाडीला आपण होऊन थांबवणारं काहीच नाही. सुरुवातीच्या घाट-इंजिनांना थेट रुळावर दाबले जाणारे जादा ब्रेक होते. घाटात आजही कॅच सायडिंग आहेत. उतरणारी गाडी आधी पुरती थांबली तरच सांधा मुख्य मार्गाला लागतो, नाही तर गाडी आपोआप चढत्या फाट्यावर जाऊन दमते.

मधल्या काळात बेअरिंगं सुधारली. १९३० साली टिमकेन कंपनीने सगळ्या आसांना रोलर बेअरिंग लावलेलं एक अवाढव्य वाफेचं इंजिन बनवून घेतलं आणि जाहिरातीसाठी काही तरुणींकडून ते दोराने ओढवून घेतलं. फोटो बघणाऱ्याला तो चमत्कार वाटतो. आज चांगल्या डब्याची अडवणूक सावकाश वेगाला हजार किलोमागे दोनेक किलो असते. हजार टनांच्या गाडीला सपाटीवर दोन टनांची ओढ. तीच गाडी कर्जतच्या पुढे ३७ला १वर आली की लागतात एकोणतीस. गाडी बदलली नाही, डबे बदलले नाहीत आणि चौदापट. आषाढात रूळ ओले असताना एका इंजिनाच्या पकडीत हे बसत नाही, म्हणून मागून बँकर लागतात आणि ते लागेपर्यंत आपण फलाटावर वडे खातो. गंमत अशी की बेअरिंगं जितकी सुधारली तितकं घाटाचं हे गुणोत्तर वाईटच होत गेलं.

हे सगळं डोक्यात घेऊन मी परत टेबलाशी आलो. भाच्याला चढाचं उत्तर द्यायचं होतं. मांडणी एचओ मापाची, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या भागाइतकी. फळीला ३७ला १ चढ दिला तर वाघिणीमागे उताराचे ३ ग्रॅम वाढतात. २.२ आणि ३ मिळून ५.२. इंजिनाच्या स्वतःच्या वजनापायी साडेनऊ ग्रॅम जातात, उरले साडेपासष्ट. बारा वाघिणी. चौतिसाच्या बारा, तिसरा हिस्सा. खरी गाडी चौदाव्या हिश्शावर येते तिथे माझी तिसऱ्यावर थांबते.

मॉडेलवाले या अडवणुकीवर वैतागतात. सुईच्या टोकाची आस, प्लॅस्टिकचा खळगा, त्यात अडकलेला चादरीचा धागा. शिवाय आमची वळणं अशक्य असतात. १८ इंचांच्या त्रिज्येचं वळण खऱ्या मापात ४० मीटरचं झालं, तसं मुख्य मार्गावर कुणी घालणार नाही. वजनाचंही गणित जुळत नाही. पन्नास टनांची वाघिण ८७ने तिन्ही बाजूंनी लहान केली की ७६ ग्रॅम होते. अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेची शिफारस मात्र एक औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस अशी आहे, म्हणजे सहा इंची वाघिणीला चार औंस, ११३ ग्रॅम. हलकी ठेवली तर वळणावर आत कलंडते, जड केली तर इंजिन दमतं.

मी त्या रात्री वैतागलो नाही, कारण आकडे शेजारी-शेजारी लिहिले होते. खरी रेल्वे, हजारात दोन. माझी वाघिण, शंभरात दोन. मॅकनीलचा खडीचा रस्ता, शंभरात तीनच्या जरा आत. माझ्या टेबलावर रूळ आहेत, सिग्नल आहेत, इंजिनाला दिवासुद्धा आहे. पण तिथे धावते ती बैलगाडी आहे.

भाचा जायच्या आदल्या दिवशी आम्ही फळी मुद्दाम ३७ला १वर लावली, मीटरला २.७ सेंटिमीटर. वाघिण वरच्या टोकाला ठेवून हात काढला. ती हलली नाही. चालती वाघिण दोन सेंटिमीटरलाच गडगडत राहते, पण उभीला जागची हलायला तीनच्या वर लागतात. खंडाळ्याला ब्रेक सोडलेली वाघिण एव्हाना दिसेनाशी झाली असती. ही आपली निवांत उभी.

"टिचकी मारू?" भाच्याने विचारलं. मी फळीच्या खालच्या टोकाला शब्दकोश उभा केला आणि म्हटलं, मार.